बघण्यासारखं काही नाही

ओत्ताविओला सासुरवाडीची माणसं घरात आलेली खपत नसत. म्हणून त्याची बायको फिलोमेना धाकट्या बहिणीला वर्षानुवर्षं फोनवर एकच सांगत आली होती, "मिलानमध्ये बघण्यासारखं काही नाही गं. नुसती ऑफिसं आणि धुकं. कशाला एवढ्या लांब येतेस?"

गेल्या इस्टरला ओत्ताविओ घर सोडून गेला, तो गेलाच. माहेरी तिने कुणाला कळू दिलं नाही. आणि आज न सांगता-सवरता धाकटी डोनाता थेट दक्षिणेतल्या बारी शहराहून येऊन दारात उभी!

तिला घरात टेकूच द्यायचं नाही, म्हणून फिलोमेनाने घाईघाईने बूट चढवले. "चल, मोठ्या चर्चच्या छपरावर जाऊ. मग कालव्याकाठी जेवू. अगं, बघायला आठवडा पुरायचा नाही इथे!"

"वा गं ताई! इतकी वर्षं काही नाही म्हणालीस, आणि आज एकदम आठवडा?" डोनाता हसत कोट उतरवू लागली. "मी आपली घरातच बसते. भावोजींच्या आवडीचा पास्ता करते. येतील ना ते जेवायला?"

"येतील... जरा उशीर होतो त्यांना."

डोनाता हात धुवायला न्हाणीघरात गेली, आणि फिलोमेनाला एकदम आठवलं. तिथल्या पेल्यात दात घासायचा ब्रश एकच होता. मेरीमातेचा धावा करत ती बुटांसकट खुर्चीवर बसून राहिली.

 

डोनाताने पास्ता दोनच ताटल्यांत वाढला आणि हळूच म्हणाली, "जेव आता, ताई. छप्पर उद्या दाखव."