पाचवा आकडा

तीन दिवस डांबून ठेवूनही घड्याळजी खोटी साक्ष द्यायला तयार होईना. शेवटी गुंडाने हातोडा काढला. पहारा करता करता गुंड मोबाइलवर चिनी भाषेचे रेकॉर्ड केलेले धडे ऐकायचा. हातासरशी सरावही होईल म्हणून तो चिनीत मोजत एकेक बोट मोडू लागला. "ई, अर, सान, स..." डाव्या हाताची चार बोटं गेली, पाचवा आकडा काही आठवेना. मोबाइलचं चार्जिंग संपलेलं. "धड्यातल्या बाई सांगतात, पाचपर्यंत जमेस्तोवर पुन्हा एकपासून," म्हणत त्याने उजवा हात ओढला. घड्याळांचा चिमटा याच हातात असायचा. "वू!" किंचाळत घड्याळजीने डावा अंगठा स्वतःच पुढे केला. हातोडा पडला. "शाब्बास! उच्चार माझ्यापेक्षा बरा तुझा. सहा ते दहा येतात?" ऐकून ऐकून शंभरापर्यंत आकडे पाठ झालेला घड्याळजी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला, "नाही, दादा."