डाव्या कानातला तानपुरा

दुसऱ्या जोडीतही तानपुरा डाव्या कानात हळू आला, तेव्हा वसुधाने इअरफोन काढून टेबलावर ठेवले. एका जोडीत दोष असू शकतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इतक्या महागड्या जोड्यांत तोच दोष असणार नाही. म्हणजे दोष कानात होता. आईचा डावा कान बेचाळिसाव्या वर्षी असाच गेला होता. ध्वनिमुद्रण हेच वसुधाचं काम होतं आणि तिला एकेचाळिसावं चालू होतं.

“काय गं, कुठली ठेवायची स्टुडिओसाठी?” तिचा भागीदार नौशाद आत येत म्हणाला.

“माझा कान चाललाय.”

“तुझा? परवा माझ्या पोटातली गुरगुर ऐकू आली म्हणून अख्खा टेक पुन्हा करायला लावलास!”

तिला हसू आलं नाही. तुलना चोख व्हावी म्हणून तिने दोन्ही बाजूंना समान तानपुरा असलेलं गाणं, आवाजाची पातळी, रबरी टोप्या, सगळं सारखं ठेवलं होतं. सुटी होणारी वायरसुद्धा एकच. पहिल्या जोडीची काढून दुसरीला लावलेली.

वायरसुद्धा एकच!

तिने वायरीचं डावं टोक उजव्या इअरफोनला लावलं आणि उजवं डाव्याला. तानपुरा सुरू झाला.

“नौशाद, आता उजवीकडे हळू येतंय!”

“अरे देवा, दोन्ही गेले?”

“वायर खराब आहे रे, वायर!” डोळे पुसत ती हसत सुटली.

“बरं झालं बाई. मग यातली चांगली कुठली?”

“ते कुठे ऐकलंय मी अजून?”