अकराव्या सेकंदाचा भार

परीक्षक ठाण्याहून निघाले होते आणि वल्लरीचा रोबोट अजूनही मध्येच थबकत होता.

डोंबिवलीतल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला हा रोबोट म्हणजे एक यांत्रिक हात होता. तो धरून त्याला एकदा काम शिकवायचं, की तो ते जसंच्या तसं करून दाखवायचा. पेला उचलून फळीवर ठेवायचा, एवढंच. वल्लरीचं एम.टेक. त्यावर अडलं होतं. पण दर वेळी अकराव्या सेकंदाला तो थांबायचा आणि चार सेकंदांनी पुढे जायचा.

"शिकवताना तूच थांबत असशील," तिचा वर्गमित्र अपूर्व म्हणाला. "चहा कमी कर जरा."

"मी थांबत नाही रे. हे बघ."

तिने स्क्रीनवर आलेख उघडला. शिकवताना तिच्या बोटांचा जोर त्यात नीट उमटला होता. अकराव्या सेकंदाला मात्र यंत्राच्या मनगटावर वरून आणखी भार पडला होता. तीन किलो. कुणी तळवा ठेवावा तसा, हळूहळू वाढत गेलेला.

खोलीत ती दोघंच होती. अपूर्वचं टेबल पार खिडकीपाशी होतं.

"पुन्हा शिकवते. तू आलेख बघ आणि मोठ्याने मोज."

तिने यांत्रिक हात धरला. पेला उचलला.

"नऊ... दहा... अकरा. सुटलीस बाई! या वेळी यंत्रावर काहीच भार नाही."

वल्लरीचा हात पेल्यासकट मध्येच थबकला होता.

"अगं, मग थांबलीस का?"

तिच्या मनगटातली बांगडी हळूहळू कातडीत रुतत चालली होती.