चुकून गेलेला चेंडू

प्राचार्यांची निवड तोंडावर आली आणि प्राध्यापक सुगतच्या डोक्यात गोल्फचं खूळ भरलं, कारण संस्थेचे अध्यक्ष बेंबळीजवळच्या फार्महाऊसवर गोल्फ खेळायचे. महिनाभर तो गच्चीवर सतरंजी अंथरून लांबून चेंडू मारायचा आणि बायको संघप्रिया परत ढकलायची. “लांबून मारताना दिशेपेक्षा जोर सांभाळायचा,” तो तिला शिकवायचा. आज तो संघप्रियाला घेऊन फार्महाऊसवर खेळायला आला होता आणि अध्यक्षांविरुद्ध त्याचा शेवटचा फटका उरला. सुगतनं मारलेला चेंडू वळत वळत भोकात पडला. सुगत जिंकला! संघप्रियानं टाळी वाजवली. अध्यक्षांचा चेहरा उतरला, तसे सुगतनं हात जोडले. “माफ करा साहेब, चुकून गेला.” “मग परत मारा की,” अध्यक्ष हसले. सुगतनं पळत जाऊन चेंडू आणला आणि या खेपेला भोकापासून हातभर लांब घालवला. “अजून लई सराव पाहिजे,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्ही या चालत,” नवऱ्याला सांगून संघप्रिया गाडीकडं निघाली.