एक जज कमी

नळदुर्गच्या शांताक्काला नवऱ्यानं टाकलं आणि नऊ वर्षांच्या गिरिजाला घेऊन तो आळंदकडं निघून गेला. खालच्या कोर्टानं पोरगी आईला दिली, तसा तो अपिलात हायकोर्टात गेला. निकाल लागेपर्यंत पोरगी बापाकडंच राहणार होती. शांताक्कानं दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडली आणि रात्री लेकीच्या मापाचा निळा फ्रॉक शिवून ठेवला.

हायकोर्टात जज कमी होते. राज्यानं नावं पाठवली, की दिल्लीतलं दुसऱ्या पक्षाचं सरकार म्हणायचं, "ही तर त्यांची माणसं." दिल्लीनं नावं सुचवली, की राज्यही तेच म्हणायचं. तेवढ्यात निवडणूक यायची आणि यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

"वकीलसाहेब, औंदा तरी लेक मिळंल का?"

"एवढी निवडणूक होऊ द्या, अक्का. दोघांनाही चालेल असा जज शोधतायत."

"मला कुणाचाबी चालतोय की वो!"

सत्त्याहत्तरची झाली, अठ्ठ्याहत्तरची झाली, ऐंशीचीही झाली. सात वर्षांनी दोघांनाही सारखाच नावडता असा एक जज सापडला. त्यानं पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, मुलगी ताबडतोब आईच्या स्वाधीन करावी.

शांताक्का फ्रॉक पिशवीत घालून कोर्टाच्या बेलिफाबरोबर आळंदला नवऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली.



गिरिजानं फ्रॉक उलगडला, कडेवरच्या लेकीला लावून बघितला आणि म्हणाली, "राहू दे, आई. हिला होईल पुढं."