गुरूवरचा डाग

शाळेची बस चालवणारा तो रोज संध्याकाळी अंगणात दुर्बीण मांडायचा आणि दिसेल तो ग्रह कागदावर रेखाटायचा. त्या दिवशी गुरूवर काळा डाग दिसला. हरखून त्यानं बायकोला हाक मारली. तिनं डोळा लावला. "कुठाय डाग? लख्ख तर आहे!" त्यानं दुर्बीण शुक्राकडे वळवली. डाग तिथंही होता. डोळा बदलला, तरी होताच. त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. "तुझं नाक दिसत नाहीये मला." ती चपापली. "अहो, कुणापाशी बोलू नका. पोरीचं शिक्षण होईस्तोवर रेटा कसंतरी." "आणि उद्या एखादं लेकरू बससमोर आलं तर?" तिची नजर बाहेर गेली. कुंपणापलीकडे त्याच्याच बसनं जाणारी चिमुरडी दोरीवरच्या उड्या मारत होती. मग बायकोनंच आतून फोन आणला, बसमालकाचा नंबर लावला आणि तो त्याच्या कानाशी धरला.