अर्धी वीट

उजवा अंगठा तळहाताला चिकटपट्टीने बांधून ती आठव्यांदा दरीत पडली. म्हणजे पडला पडद्यावरचा टोपीवाला, पण ओरडली ती. सकाळचे सहा वाजले होते आणि सातला वडील खेळायला बसणार होते.

खेळ उड्या मारत पुढे जायचा. त्यातल्या लेव्हल कोणीही बनवाव्यात, विटा, शिड्या, पाळणे हवे तिथे मांडावेत. अट एकच. बनवणाऱ्याने आपली लेव्हल स्वतः पार केल्याशिवाय ती इतरांपर्यंत जात नाही. बरोबरच आहे, आपण चढलो नाही तो जिना दुसऱ्याला कशाला दाखवायचा?

वडील गवंडी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं उभी केली, आणि प्रत्येक जिन्याच्या शेवटच्या पायरीला कोपऱ्यात एक अर्धी वीट उभी लावली. तीच त्यांची सही. मग एक झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. हात हळूहळू सावरला, अंगठा मात्र रुसून बसला. एक दिवस ते हाताच्या व्यायाम केंद्रातून हे खेळाचं मशीन घेऊन घरी आले. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी दिलंय, म्हणाले. रोज सकाळी सातच्या ठोक्याला खेळायचं, आणि तीन महिन्यांत अंगठा हलला नाही तर त्याची आशा सोडायची. बाईंनी त्यात त्यांचं खातंही उघडून दिलं होतं, ‘ओळंबा’ नावाचं.

पण पहिल्याच उडीला अंगठा लागायचा. दोन दिवस ते मान खाली घालून बसले. मुलीला ते बघवेना.

खरं तर तेव्हा तिला काहीच बघवत नव्हतं. ती जिथे घरांचे नकाशे काढायची ते ऑफिस बंद पडून पाच महिने झाले होते. दुपारी बारापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायचं, जेवायला तीन हाका, तेवढाच तिचा दिवस. पण बापासाठी ती उठली. दया दाखवलेली त्यांना खपत नसे, म्हणून ‘मुंगी’ या टोपणनावाने वेगळं खातं उघडून, कोणाला न सांगता, तिने एकही उडी नसलेली लेव्हल बनवली. अंगठा बांधून आधी स्वतः पार केली.

“ही मुंगी कोण आहे गं?” वडिलांनी सकाळी विचारलं. “डोकं आहे तिला.”

“असेल कोणीतरी,” ती चहाच्या कपात बघत म्हणाली.

कौतुक तिथेच संपलं. दुसऱ्या दिवसापासून चुका काढणं सुरू झालं. पायऱ्या उंच आहेत, पाळणा घाईत आहे. मुंगीने जन्मात खरा जिना मोजलेला दिसत नाही. पोस्टाचा जिना बघावा तिने, म्हातारासुद्धा शीळ घालत चढतो. त्या दुपारी ती टेप घेऊन घराबाहेर पडली आणि पोस्टाच्या पायरीवर गुडघे टेकून मापं घेऊ लागली. खिडकीतला कारकून मान बाहेर काढून बघत राहिला. मग वाचनालयाचा जिना झाला, पुलाचा झाला. वही नकाशांनी भरत गेली. आईने एकदाही विचारलं नाही की रोज एवढं फिरतेस कुठे.

अंगठा मात्र हलत नव्हता. वडील बोटाच्या पेराने बटण दाबायचे, जेवायचेही डाव्या हाताने, चमच्याने. एकदा पहाटे तिने पाहिलं, तर सदऱ्याची सगळी बटणं लावून ते खिडकीपाशी बसले होते. आई म्हणाली, “मीच लावून दिली.” आणि आई पुन्हा पांघरूण ओढून झोपली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तिने ती वही एका ऑफिसात दाखवली आणि त्यांनी सोमवारपासून ये म्हणून सांगितलं. ती घरी येऊन म्हणाली, “बाबा, तुमचा अंगठा हलल्याशिवाय मी रुजू होणार नाही.”

वडील “मुदत रविवारी संपते,” एवढंच म्हणाले.

रविवारसाठी तिने नऊ पायऱ्या मांडल्या, सात इंचांच्या, एकसारख्या. शेवटी एक लांब उडी, अंगठ्याशिवाय न जमणारी. वडील दोनदा पडले. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा विजारीला पुसला. अंगठा वाकला, बटणावर बसला, आणि टोपीवाला दरी ओलांडून गेला.

ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. आयुष्यात आपण एक तरी काम नीट केलं, असं तिला वाटलं. वडील तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले, “मुंगीचे उपकार झाले.” आई डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली.

मशीन आता केंद्राला परत द्यायचं होतं. त्याआधी वडिलांचं खातं आवरावं म्हणून तिने ते उघडलं. ‘माझ्या लेव्हल’ या कप्प्यात एक लेव्हल होती. केंद्रातल्या कोणीतरी बनवली असेल म्हणून ती खेळायला बसली. दोन्ही अंगठे एकदम लागत होते, तेही भराभर. ती सहा वेळा पडली. सातव्यांदा जिन्याच्या टोकाला पोचली. शेवटच्या पायरीच्या कोपऱ्यात अर्धी वीट उभी होती.

खाली तारीख होती, मशीन घरी आलं त्याच्या दोन दिवस आधीची. तारखेखाली केंद्रातल्या बाईंनी लिहिलं होतं, “काका, अंगठा अगदी मोकळा झाला. आता तुम्ही यायची गरज नाही. मग मशीन घरी कशाला हवंय?”

त्याखाली ओळंब्याचं उत्तर होतं.

“घरी अजून एक पेशंट आहे.”